वर्गातले इंग्रजी आणि पेटीतली पुस्तके : बडोद्याची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या मराठी घरांत इंग्रजीची काळजी नवी नाही. दांडिया बाजारातले घर असो, वाडीतले असो की मांजलपूरचा फ्लॅट, पालकांची तक्रार एकच असते. मुलगी इंग्रजीचा धडा घडाघडा वाचते, पण "काय वाचलंस, सांग बरं" म्हटलं की गप्प बसते. शाळा म्हणते घरी सराव घ्या, घरचे म्हणतात क्लास लावू. इंग्रजी माध्यमाची लाट आली आणि हा प्रश्न तिच्याबरोबर आला, असे बहुतेकजण धरून चालतात. मला ते पटत नाही. हा प्रश्न बडोदा कॉलेज निघाले तेव्हापासूनचा आहे, आणि त्यावरचा अर्धा उपाय याच शहराने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवला होता. फक्त तो वाचनालयात झाला, वर्गापर्यंत पोचला नाही.

आधी इथल्या मुलाच्या पुढ्यात काय वाढून ठेवलेले असते ते पाहू. घरी मराठी, जिन्याखाली उतरले की गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. लिप्या तीन: देवनागरी, शिरोरेषा नसलेली गुजराती आणि रोमन. मराठी किंवा गुजराती वाचायला शिकणाऱ्या मुलाला बाराखडी आणि जोडाक्षरे आली की कधी न पाहिलेला शब्दही उच्चारता येतो. इंग्रजीत ही सोय नाही. ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे 'थ्रू'मध्ये एक आवाज देतात, 'टफ'मध्ये दुसरा, 'दो'मध्ये तिसरा आणि 'कॉफ'मध्ये (खोकल्याच्या शब्दात) चौथाच. त्यामुळे नुसत्या उच्चारासाठीच मुलाची निम्मी शक्ती खर्ची पडते.

उरलेल्या शक्तीत अर्थ लावायचा. मराठीत 'विहीर' हा शब्द वाचण्याआधी मुलाने तो शंभरदा ऐकलेला असतो. अक्षरे जुळली की विहीर डोळ्यांपुढे येते. तेच मूल इंग्रजी पुस्तकात 'द बकेट फेल इनटू द वेल' हे वाक्य वाचते. 'बकेट' ओळखीची आहे, पण 'वेल' त्याला माहीत आहे तो 'वेल डन'मधला, वहीवर बाई लिहितात तो. बादली 'चांगल्यात' कशी पडली? मूल क्षणभर थबकते, आणि बाईंनी पुढचे वाक्य वाचायला सांगितलेले असते म्हणून पुढे जाते. ऐकणाऱ्याला वाटते, छान वाचतोय. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ साली हेच सूत्ररूपाने मांडले: वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही पक्की असून उपयोग नाही.

आता मागे जाऊ. मुंबई इलाख्यात इंग्रजी शिक्षणाचा पाया मेकॉलेच्या १८३५च्या टिपणीने आणि वुडच्या १८५४च्या खलित्याने घातला गेला. बडोदे संस्थान त्या इलाख्याबाहेरचे, तरी वारे तिकडूनच आले. १८७५ मध्ये मल्हारराव गादीवरून दूर झाले आणि महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच पुढचे सयाजीराव महाराज. बडोद्यात पाऊल टाकले तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हते. एफ. ए. एच. एलियट या शिक्षकांच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास सुरू झाला, आणि १८८१ मध्ये राज्यकारभार हाती आला तेव्हा ते इंग्रजी ग्रंथ वाचू शकत होते. पुढे आयुष्यभर त्यांच्या वाचनात खंड पडला नाही. "बालवाडीत इंग्रजी आले नाही तर मग संपलेच" म्हणून घाबरणाऱ्या पालकांनी हे उदाहरण जरूर ध्यानात घ्यावे. राजाला दिमतीला शिक्षक होते हे खरे, पण बाराव्या वर्षी सुरुवात करूनही वाचक घडू शकतो हेही तितकेच खरे.

त्याच १८८१ साली बडोदा कॉलेज सुरू झाले आणि मुंबई विद्यापीठाला जोडले गेले. वाचनाची गाडी इथेच रुळावरून घसरली असे मला वाटते. विद्यापीठ पुस्तक नेमायचे, परीक्षा त्याच पुस्तकावर व्हायची, आणि विद्यार्थी पुस्तकाऐवजी त्याच्या नोट्स वाचायचे. शाळांमध्ये तेव्हा भाषांतराची पद्धत होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. नियम, त्याखाली शब्द, त्याखाली वाक्ये; इंग्रजीचे मराठी करा, मराठीचे इंग्रजी करा. या पुस्तकाचे उपकार मोठे आहेत. घरबसल्या, शिक्षक नसताना, माणसे त्यावर इंग्रजी शिकली. पण त्यातली वाक्ये सुटी असतात. एका वाक्यातला माणूस पुढच्या वाक्यात भेटत नाही, त्यामुळे पुढे काय झाले ही ओढ लागत नाही. व्याकरण पक्के होते, वाचनाची सवय मात्र जडत नाही.

(तर्खडकर आडनावाचा बडोद्याशी आणखी एक धागा आहे. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांची मुलगी अन्नपूर्णा, जिने १८७८ मध्ये मुंबईत तरुण रवींद्रनाथ टागोरांना इंग्रजी संभाषण शिकवले, तिचे लग्न बडोद्यात इंग्रजी शिकवणाऱ्या हॅरल्ड लिटलडेल यांच्याशी झाले.)

कॉलेजातल्या वाचनाचे एक जवळून घेतलेले चित्र उपलब्ध आहे. १८९३ मध्ये इंग्लंडहून परतलेले अरविंद घोष बडोदे सरकारच्या नोकरीत आले आणि पुढे याच कॉलेजात फ्रेंच व इंग्रजी शिकवू लागले. मागाहून त्यांनी या दिवसांच्या आठवणी सांगितल्या. मुले आपण बोललेले अक्षर न अक्षर उतरवून घेतात आणि पाठ करतात, याचे त्यांना नवल वाटे. एकदा ते साउदीने लिहिलेले नेल्सनचे चरित्र शिकवत होते. त्यांचे विवेचन छापील नोट्सशी जुळेना, तेव्हा मुलांनी तसे बोलून दाखवले. अरविंदबाबू म्हणाले, मी त्या नोट्स वाचलेल्याच नाहीत, आणि त्या बहुतेक टाकाऊच असतात. मुलांचा तरी काय दोष? पेपर मुंबईत तपासले जायचे आणि तिथे नोट्सच चालायच्या. केंब्रिजमध्ये शिकलेला माणूस समोर उभा आहे, मूळ पुस्तक हातात आहे, आणि तरी मुलांचे डोळे गाइडवर. हे चित्र आज कुठल्याही शाळेत बघायला मिळेल.

वर्गात हे चालले होते तेव्हा वर्गाबाहेर मात्र बडोद्यात निराळीच गोष्ट घडत होती. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केले. मग लक्षात आले की चौथी झालेली मुले शेतावर जातात आणि काही वर्षांत अक्षरे विसरतात. वाचायला काही नसेल तर वाचायला शिकवून उपयोग काय? म्हणून अमेरिकेच्या दौऱ्यात तिथली सार्वजनिक वाचनालये पाहिल्यावर त्यांनी विल्यम अलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले. बॉर्डन १९१० मध्ये बडोद्यात आले आणि १९१३ पर्यंत राहिले. एवढ्या थोड्या काळात त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, ग्रंथपालांसाठी वर्ग काढला आणि गावोगावच्या वाचनालयांचे जाळे विणायला घेतले. गावाने काही रक्कम उभी केली की पंचायत आणि सरकार तेवढीच भर घालत. महाराजांनी आपला खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. तिथे मुलांसाठी आणि स्त्रियांसाठी वेगळी दालने झाली.

माझ्या दृष्टीने यातली सर्वात मोलाची वस्तू म्हणजे फिरती पेटी. मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तके भरायची आणि मागणी येईल त्या गावी पाठवायची. वाचून झाली की पेटी परत यायची आणि दुसरी जायची. ने-आणीचा खर्च सरकारचा. या पेट्यांवर परीक्षा नव्हती, धड्याखालचे प्रश्न नव्हते. आवडले तर वाचा, नाही तर ठेवा. गावोगाव जाणारी पुस्तके अर्थातच मुख्यतः गुजराती, काही मराठी. सयाजी साहित्यमाला आणि बालज्ञानमालेतून इतर भाषांतले ज्ञान या दोन भाषांत आणण्याचे कामही चालू होते. इंग्रजी पुस्तके मात्र शहरात, मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात राहिली. म्हणजे आपल्या भाषेत मनासारखे वाचन आणि इंग्रजीत परीक्षेचे वाचन, अशी वाटणी होऊन बसली. इंग्रजी शिकणाऱ्या शाळकरी मुलाला पेलतील अशा सोप्या गोष्टींची पेटी कोणी भरली नाही. तशी पुस्तकेच तेव्हा जवळजवळ नव्हती.

ती तयार करण्याचे काम तेव्हाच्या भारताच्या दुसऱ्या टोकाला झाले. मायकेल वेस्ट हे ढाक्यात शिक्षकांना घडवणारे अधिकारी. त्यांनी बंगाली मुलांचे निरीक्षण केले आणि १९२६ मध्ये द्विभाषिकतेवरचा आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे साधे होते. बहुतेक मुले शाळा मध्येच सोडतात. तर सोडताना त्यांच्या हाती काय उरेल याचा विचार करा. अर्धवट शिकलेले बोलणे विरून जाते, पण वाचायला येत असेल तर माणूस पुढे स्वतःच शिकत राहतो. मग त्यांनी मुलांची पाठ्यपुस्तके तपासली. पानापानावर अनोळखी शब्दांची गर्दी आणि एकदा आलेला शब्द पुन्हा कधी न भेटणारा. म्हणून त्यांनी सोप्या, मोजक्या शब्दांत वाचनपुस्तके लिहिली. नवा शब्द साधारण पन्नास शब्दांमागे एकच, आणि आला की तो पुढे पुन्हापुन्हा येणार. १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्दांची यादी पुस्तकरूपाने आली. आजची श्रेणीनुसार लावलेली इंग्रजी गोष्टींची पुस्तके याच परंपरेतली.

हा पन्नासात एकचा हिशेब पुढच्या संशोधनानेही जवळपास तसाच काढला. २००० साली हू आणि पॉल नेशन यांनी दाखवले की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट समजून वाचायची असेल तर साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. आपल्या मुलाच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाचे एक पान घ्या, अनोळखी शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगा, आणि रेघा मोजा. शंभर शब्दांत दहा-बारा रेघा निघाल्या तर ते पान मुलाने 'वाचायचे' नाहीच, ते कुणीतरी 'समजावून सांगायचे' आहे. मग नोट्स आल्याच.

स्वातंत्र्यानंतरचा काळ थोडक्यात सांगतो. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ निघाले. हंसाबेन मेहता पहिल्या काही वर्षांच्या कुलगुरू, शिकवण्याची भाषा इंग्रजी. इकडे मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर ढकलले गेले होते, आणि १९६० नंतर गुजरातनेही बराच काळ तेच धोरण ठेवले. स्वभाषेत शिक्षण देण्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण चार वर्षे इंग्रजी शिकलेले मूल एकदम इंग्रजी ग्रंथांच्या विद्यापीठात आणून सोडले, आणि मधल्या उताराची सोय कोणी केली नाही. ती पोकळी पुन्हा नोट्सनीच भरली.

त्याच सुमारास देशभर वाक्यरचनांवर आधारलेली पुस्तके आली. एकेक रचना घ्यायची आणि घोटायची. रचना तोंडात बसायच्या, पण गोष्ट त्यांतही नव्हती. पुरवणी वाचनाचे पुस्तक वर्गात असे. त्याचेही शेवटी प्रश्नोत्तरच झाले.

वर्गात पेटी उघडली तर काय होते याचा पुरावा फिजीतून आला. वॉरिक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी १९८० च्या सुमारास तिथल्या आठ ग्रामीण प्राथमिक शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना सुमारे २५० इंग्रजी गोष्टींची पुस्तके दिली. मुलांची मातृभाषा इंग्रजी नव्हती. काही वर्गांत मुले रोज शांतपणे मनात वाचत, काही वर्गांत शिक्षक मोठ्या पुस्तकातून मुलांबरोबर गोष्ट वाचत. ठरलेल्या पाठांवर शिकणाऱ्या वर्गांपेक्षा या मुलांचे आकलन पहिल्याच वर्षात दुपटीच्या वेगाने वाढले, आणि दुसऱ्या वर्षी त्याचा फायदा लिहिण्यातही दिसू लागला. बडोद्याच्या पेट्यांना तेव्हा सत्तर वर्षे होत आली होती.

दुसरा धागा मातृभाषेचा. जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडले की एका भाषेत कमावलेली वाचनाची ताकद दुसऱ्या भाषेत उतरते. गोष्टीचा अंदाज बांधणे, न कळलेले वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचणे, मुख्य मुद्दा हेरणे, हे एकदाच शिकावे लागते. मात्र दुसऱ्या भाषेचे शब्द पुरेसे जमेपर्यंत ही ताकद अडून राहते. मराठी घरांनी यातून घ्यायचे ते उघड आहे. मूल इंग्रजी शाळेत घातले म्हणून घरातले मराठी वाचन बंद करू नये. आजीने मराठीत वाचून दाखवलेली गोष्ट इंग्रजीच्या आड येत नाही.

आज परिस्थिती पुन्हा हलते आहे. २०२२ मध्ये गुजरात सरकारने सरकारी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणण्याचे जाहीर केले. पहिली-दुसरीत पुस्तक न देता आधी ऐकणे आणि बोलणे. हा क्रम मला बरोबर वाटतो, कारण कानावरून गेलेला शब्दच डोळ्यांना लवकर सापडतो. २०२३ च्या कायद्याने सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली, त्यामुळे इंग्रजी शाळेतल्या मराठी मुलाच्याही तिन्ही लिप्या पक्क्या होण्याची शक्यता वाढली. कमी आहे ती वर्गात ठेवलेल्या सोप्या पुस्तकांची. शंभरेक पातळ पुस्तके, पातळीनुसार रंगाची पट्टी लावलेली, आठवड्यातून निदान तीन तास मनात वाचायला मोकळे ठेवलेले, आणि त्यावर एकही गुण नाही. बहुतेक शाळांत पुस्तकांचे कपाट आजही आहे. ते कुलूपबंद असते, कारण पुस्तक फाटले किंवा हरवले तर भरपाई शिक्षकाच्या माथी येते. वापरात फाटलेले पुस्तक खर्ची टाकण्याचा अधिकार मुख्याध्यापकांना मिळाला, तर त्या कपाटाची किल्ली वर्गशिक्षिकेकडे देता येईल.