खडीच्या खाणीतून पाणी जाते कुठे?

सोलापूरच्या आसपास खडीची खाण म्हणजे बेसाल्टची खाण. पुणे–हैदराबाद महामार्गापासून गावातल्या घराच्या स्लॅबपर्यंत हाच काळा दगड क्रशरमधून फुटून जातो. शेजारच्या विहिरी आटल्या की बोट सुरुंगाकडे जाते. सुरुंगाने भेगा वाढतात हे खरे, पण पाणी मुख्यतः दोन वाटांनी जाते: मुरूम उचलल्याने आणि पंपाने.

जुलैत खाणीची उभी भिंत नीट पाहा. वर हात-दीड हात काळी माती, तिच्याखाली पिवळट मुरूम, मग फुटका-भेगाळ दगड आणि तळाला घट्ट काळा पाषाण. भेगाळ दगड संपतो तिथे भिंतीवर ओली, काळपट रेघ दिसते. कुठे कुठे तिला शेवाळही धरलेले असते. एरवी विहिरीला मिळणारा झरा तो हाच. घट्ट पाषाणात पाणी फक्त भेगांपुरते. खरा साठा मुरमात, भेगाळ दगडात आणि लाव्हाथरांच्या माथ्यावरच्या मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेल्या खडकात. तोही तुटपुंजाच: अशा १०० लिटर खडकातून निथळून मिळते जेमतेम १ ते ३ लिटर पाणी.

म्हणून हिशेब लवकर बिघडतो. ५ एचपीचा पंप २० मीटर खोलीवरून सेकंदाला साधारण ९ लिटर उपसतो, म्हणजे आठ तासांत अडीच लाख लिटर. खडकातून २ टक्के पाणी मिळते असे धरले, तर एक हेक्टरखालची पातळी मीटरभर उतरली की २ लाख लिटर निघतात. खाण कोरडी ठेवण्यासाठी केलेला एका दिवसाचा उपसा सव्वा हेक्टरची मीटरभर पातळी खातो, आणि ते पाणी दुधासारखे पांढुरके होऊन ओढ्याला लागते.

काम थांबल्यावर खाणीत तळे साचते. ‘आता पुनर्भरण होईल’ हा समज मात्र अर्धाच खरा. तळाला कच, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, बसली की भेगा बुजतात आणि पाणी रांजणात राहावे तसे राहते. भूजल खाणीत झिरपत असेल तर उलटाच प्रकार होतो. सोलापूर जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी साधारण ५५० मिलिमीटर. उघड्या पाण्याचे बाष्पीभवन दीड मीटरच्या पुढे. फरक मीटरभराचा. एक हेक्टरच्या बारमाही तळ्यातून वर्षाला एक कोटी लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे हजार टँकर, हवेत जातात. उथळ, पसरट खाण या बाबतीत सर्वांत वाईट.

उपाय खाण सुरू होण्याआधीच करायचा असतो. आसपासच्या सगळ्या विहिरींची पातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजून ठेवावी. पंप रात्रभर बंद, काठावर रंगाची कायमची खूण, दोरीला वजन. दोरी जिथपर्यंत कोरडी तिथपर्यंत टेपने मोजायची. ही नोंद नसेल तर नंतरचा वाद निव्वळ तोंडी राहतो. ऑक्टोबरच्या पातळीच्या दोन मीटर वर खाणीचा तळ थांबवला तर उपशाची गरजच उरत नाही. डबर, म्हणजे खडीला लागणारा पक्का दगड, खोलवर असेल तर हे मालकाला परवडत नाही, हेही खरे.

उपसावेच लागले तर पाणी आधी दोन कप्प्यांच्या टाकीत निवळू द्यावे, मग खाणीपासून दूर, उताराच्या खालच्या बाजूच्या चरात सोडावे. जवळ सोडले तर तेच पाणी फिरून खाणीत येते. चरात तळाला ४० मिमी खडी, वर २० मिमी, सर्वांत वर ३० सेंटिमीटर वाळू. दर उन्हाळ्यात वाळूचा वरचा गाळ खरवडून काढला नाही तर दुसऱ्या पावसाळ्यात चर तुंबतो. बंद पडलेल्या बोअरमध्ये थेट पाइप सोडणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक युक्ती: कच, डिझेल आणि सुरुंगाच्या दारूतले नायट्रेट गाळणीशिवाय खालच्या झऱ्यात उतरतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि उकळून ते जात नाही.

वरची माती आणि मुरूम वेगवेगळे ढीग करून ठेवावेत, विकू नयेत. खाण संपल्यावर तोच मुरूम परत टाकून तळ पाणीपातळीच्या वर आणता येतो. उघडे तळे राहत नाही आणि भरावातल्या फटींत पाणीही मुरते. भरावाला शहराचा कचरा मात्र कधीच नको, कारण ज्या भेगांतून विहिरीला झरा येतो त्याच भेगांतून त्याचे काळे पाणीही येते.