घरचं डायलिसिस सीमाभागात उशिरा का आलं?

घरी डायलिसिस करणं, म्हणजे मूत्रपिंड निकामी झाल्यावर रक्त शुद्ध करायचा उपचार घरीच घेणं, ही अलीकडची, पैसेवाल्यांची सोय आहे असा आपल्याकडे समज आहे. मुळात ती निघाली अडचणीतून. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिएटलला यंत्रं मोजकी होती आणि रुग्ण पुष्कळ. कोणाला यंत्रावर घ्यायचं हे ठरवायला गावातल्या नागरिकांची एक समिती बसे. १९६४ मध्ये एका शाळकरी मुलीला तिथे जागा मिळाली नाही, तेव्हा विद्यापीठातल्या अभियंत्यांनी तिच्या घरी चालेल असं छोटं यंत्र जुळवून दिलं. बॉस्टन आणि लंडनमध्येही त्याच सुमारास रुग्ण घरी रक्त शुद्ध करून घेऊ लागले होते.

त्याआधी हे यंत्र फक्त वेळ निभावून नेण्यापुरतं होतं. विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, सॉसेजचं आवरण म्हणून वापरात असलेली सेलोफेनची नळी फिरत्या पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनवलं. पण प्रत्येक वेळी नवी शीर उघडावी लागे, म्हणून कायमचा मूत्रपिंडविकार झालेल्याला त्याचा उपयोग नव्हता. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये हातात कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी आणली आणि १९६६ मध्ये फिस्टुला, म्हणजे हातातली शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडायची पद्धत, आली. डायलिसिसवर वर्षानुवर्षं जगता येतं, हे त्यानंतर लोकांना पटलं.

सीमाभागात घरचं डायलिसिस म्हणजे बहुतेक वेळा पोटाचं डायलिसिस, आणि त्याचा इतिहास वेगळा आहे. पोटातलं पातळ आवरणच गाळणी म्हणून वापरायचा प्रयोग जर्मनीत गेओर्ग गान्टर यांनी १९२३ मध्ये माणसावर केला होता. पण जंतुसंसर्गापुढे तो टिकला नाही. १९६८ मध्ये हेन्री टेन्कहॉफ यांची मऊ, कायम राहणारी नळी आली. १९७६ मध्ये टेक्सासच्या मॉन्क्रिफ आणि पोपोविच यांनी यंत्राशिवाय, दिवसभर पोटात पाणी, म्हणजे निर्जंतुक औषधी द्रावण, ठेवायची पद्धत मांडली. या द्रावणाच्या काचेच्या बाटल्या जाऊन टोरांटोत प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, आणि ती घराघरांत जाण्याजोगी झाली.

पद्धत साधी आहे, नेम मात्र कडक. दोन लिटरची पिशवी साधारण अंगाइतकी कोमट करायची, हात धुवायचे, मास्क लावायचा, पोटातलं जुनं पाणी उतरवायचं, नवं भरायचं. अर्धा-पाऊण तास लागतो. हे दिवसातून साधारण चार वेळा. उतरलेलं पाणी गढूळ दिसलं तर दवाखाना गाठायचा, कारण पोटाच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाल्याची ती पहिली खूण असते. या पाण्याबरोबर प्रथिनंही वाहून जातात, म्हणून या रुग्णाला उलट जास्त प्रथिनं खायला सांगतात. किडनीवाल्याला ‘डाळ बंद, अंडं बंद’ असं बजावत आलेल्या घरांना हे पहिल्यांदा ऐकताना खोटंच वाटतं. दुसरीकडे, पाण्यात साखर असल्याने मधुमेह्याला रक्तातल्या साखरेवर डोळा ठेवावा लागतो.

आपल्या भागात याचं खरं मोल विजेत आणि पाण्यात आहे. यंत्रावरच्या, म्हणजे रक्ताच्या डायलिसिसला एका खेपेला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी आणि चार तास अखंड वीज लागते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात याची हमी कोण देणार? हाताने बदलायच्या पिशवीला वीज लागत नाही. खुंटी, स्वच्छ कोपरा आणि शिकलेलं एक माणूस असलं की भागतं. ते माणूस बहुतेक घरांत बायको किंवा सून असते.

मग हे इकडे पसरलं का नाही? माझ्या मते कारण वैद्यकीय कमी आणि हिशेबाचं जास्त आहे. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला डायलिसिस सुरू झालं. पोटाचं डायलिसिस १९९०च्या दशकात आलं, तेही स्वतः खर्च करू शकणाऱ्यांसाठी. सरकारी पैसा आला तो यंत्रासाठी. २०१६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तो जिल्हा रुग्णालयांत यंत्रं बसवून रक्ताचं डायलिसिस करण्याचा. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक सूचना निघाली २०१९ मध्ये. अमेरिकेतही असंच घडलं होतं. १९७२च्या कायद्याने सरकारने खर्च उचलला, केंद्रं उभी राहिली आणि तोवर चांगलं रुजलेलं घरचं डायलिसिस झपाट्याने घटलं. उलट हाँगकाँगने १९८५ पासून आधी पोटाचंच, असं धोरण ठेवलं आणि तिथे ते रुजलं. ज्याला पैसे मिळतात, तेच वाढतं.

सीमाभागात यात आणखी एक गाठ आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. सीमावादावरचा १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला, आणि २००४ पासून त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण आजारी माणूस नकाशा पाहून दवाखाना निवडत नाही. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, अथणी-रायबागकडचा मिरजेला, जिथे मिशनचा दवाखाना १८९४ पासून आहे. खानापूरकर बेळगावला येतो, नाहीतर गोव्यात उतरतो. आठवड्याला तीन खेपा म्हणजे वर्षाला दीडशेवर फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत सोबत्याची मजुरी बुडते. उपचार योजनेतून फुकट झाला तरी ही मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही.

कोरोनाच्या काळात हे उघडं पडलं. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर राज्याची हद्द एकाएकी खरी झाली. आठवड्यात तीनदा ती ओलांडणाऱ्याला कागद दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. महिन्याच्या पिशव्या घरात असलेल्याला निदान रोजच्या उपचारासाठी नाका गाठायची पाळी नव्हती.

२०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकाने त्याला जोरदार हरकत घेतली. कर्नाटकाची स्वतःची आरोग्य कर्नाटक योजना २०१८ पासून आहेच. त्यामुळे चर्चा झाली ती कोणतं कार्ड, कोणत्या राज्याचं, यावर. पोटाच्या डायलिसिसच्या रुग्णाचा प्रश्न त्यात आला नाही. त्याला महिन्याला सुमारे १२० पिशव्या, म्हणजे जवळपास पाव टन माल, दारात लागतो. हा खर्च दवाखान्यातल्या खाटेचा नसतो, खोक्यांचा आणि टेम्पोचा असतो. कार्ड कुठल्याही राज्याचं असो, दवाखान्यात विचारायचं ते हेच: पिशव्या योजनेत येतात का, आणि घरपोच कोण देणार?