ठिपका आणि पट्टा: काचेच्या फोटोतले दोन हायलाइट

काचेच्या वस्तूंचे फोटो छपाईला द्यायचे म्हटलं की ‘हायलाइट (फोटोतला सर्वांत उजळ भाग) सांभाळा’ असं हमखास बजावलं जातं. कोणता हायलाइट, ते कुणी सांगत नाही. पेल्याच्या काठावर सुईच्या टोकाएवढा लखलखता ठिपका असतो आणि त्याच पेल्याच्या अंगावर सॉफ्टबॉक्सचा (कापडाआडून मऊ प्रकाश देणाऱ्या दिव्याचा) रुंद पांढरा पट्टा. स्क्रीनवर दोन्ही पांढरेच. कागदावर मात्र ठिपक्याला शाई नको असते, पट्ट्याला थोडी तरी हवीच.

ठिपका हा स्पेक्युलर हायलाइट, म्हणजे दिव्याचं थेट प्रतिबिंब. त्यात तपशील नसतोच. तो आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा आकड्यांत) २५५ वर, म्हणजे पूर्ण पांढऱ्यावर गेला आणि तिथे कोरा कागद उरला तरी बिघडत नाही; काच चमकते ती त्याच्याच जोरावर. डिफ्यूज हायलाइट म्हणजे उजळ असूनही पोत असलेला भाग: दुधी काच, पेल्याखालचं पांढरं कापड. पुस्तकी व्याख्येने पट्टाही स्पेक्युलरच ठरतो, कारण गुळगुळीत पारदर्शक काच प्रकाश जवळपास विखरतच नाही. तरी मी त्याला डिफ्यूजसारखंच वागवतो. पट्ट्याची कड हळूहळू विरत जाते आणि पेल्याची गोलाई डोळ्याला कळते ती त्या विरण्यातूनच.

ऑफसेट छपाईत नेमकं हे विरणंच आधी बिघडतं. फिकट छटा शाईच्या बारीक डॉटनी उमटते, आणि दोन-तीन टक्क्यांहून कमी जागा झाकणारे डॉट कागदापर्यंत टिकतील याचा भरवसा नसतो. ते जिथे गळतात तिथे कात्रीने कापल्यासारखी रेघ दिसते. म्हणून पट्ट्याचा सर्वांत उजळ भाग साधारण सायन (निळसर शाई) ५, मजेंटा (गुलाबी) ३, पिवळा ३ टक्के असा ठेवतात. सायन जास्त, कारण तिन्ही सारखे घेतले तर छटा तांबूस होते. आरजीबीत हे प्रोफाइलनुसार (छपाईच्या रंगांसाठी निवडलेल्या सेटिंगनुसार) २४५ च्या आसपास येतं. फोटोशॉपच्या इन्फो पॅनेलमध्ये सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे) आकडे लावून ते तपासावेत. डोळ्यांवर विसंबू नये.

सोपा वाटणारा उपाय म्हणजे लेव्हल्समध्ये आउटपुट २४५ वर आणणं, म्हणजे अख्ख्या फोटोतलं पांढरं मंद करणं. मग ठिपक्यावरही शाई चढते आणि पेला नीट न धुतल्यासारखा दिसतो. त्याऐवजी पट्ट्यापुरता मास्क करून (बदल तेवढ्याच भागाला लागेल असं करून) कर्व्ह, म्हणजे उजळपणाची रेषा, खाली घ्यावा, ठिपके मास्कबाहेर ठेवावेत. पट्टाच २५५ असेल तर कर्व्हने तो फक्त सपाट राखाडी होईल. अशा वेळी रॉ फाइलकडे (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलकडे) परतून हायलाइट्सचा स्लायडर कमी करावा. रॉमध्येही लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल फुटलेले, म्हणजे कमाल आकड्याला टेकलेले असतील तर फोटो पुन्हा काढणंच बरं, यावेळी दिवा आणि पेल्यामध्ये डिफ्यूजर (प्रकाश पसरवणारा पडदा) घालून.

पार्श्वभूमी पांढरी असेल तर मात्र हायलाइटशी कितीही खेळलं तरी पेल्याची कड सापडत नाही. ती शूटच्या वेळी दोन्ही बाजूंना काळे कार्ड उभे करूनच मिळते. आणि ५-३-३ हे आकडे चकचकीत कागदाचे. वर्तमानपत्री कागद किंवा फ्लेक्सो (लवचीक ठशांची) छपाई असेल तर सर्वांत लहान कोणता डॉट टिकतो, ते छापखान्यालाच विचारावं.