फायर डोअरची खरी परीक्षा फटीत

उंच इमारतीत आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नसते, म्हणून सगळी भिस्त जिन्यावर. पण जिन्याचं दार उघडं राहिलं तर तोच जिना धूर वर ओढून घेतो. राष्ट्रीय इमारत संहितेत (2016) जिना आणि लिफ्ट लॉबीच्या तोंडच्या फायर डोअरला, म्हणजे आग अडवणाऱ्या दाराला, 120 मिनिटांचं रेटिंग (तेवढा वेळ आग रोखण्याची क्षमता) सांगितलं आहे, ते यासाठीच.

हे रेटिंग नुसत्या पल्ल्याचं नसतं. भट्टीतल्या चाचणीत पल्ला, चौकट, बिजागऱ्या, कुलूप, क्लोजर (दार आपोआप लावणारं यंत्र), काच असा अख्खा संच तापवतात. प्रमाणित चाचणीत भट्टी दहा मिनिटांत साधारण 680 अंश सेल्सिअसला पोचते, आणि ॲल्युमिनियम वितळतं 660 ला; म्हणजे चुकीच्या धातूची बिजागरी आधीच सुटते. म्हणूनच ऑर्डर देताना ‘दोन तासांचा दरवाजा’ एवढंच लिहून भागत नाही. चाचणी अहवालात जी बिजागरी, जी काच, तीच मागायची. चौकट आणि भिंत यांच्यातली पोकळी साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमने भरणं ही तर नेहमीची चूक. तो फोम जळतो.

पल्ल्याच्या किंवा चौकटीच्या खाचेत एक पट्टी बसवलेली असते. ती साधारण 200 अंशांच्या आसपास कित्येक पट फुगते आणि फट बुजवते. गोम अशी, की सुरुवातीचा धूर तेवढा गरम नसतो. पट्टी झोपलेलीच असते आणि धूर आरामात पलीकडे जातो. थंड धुरासाठी ब्रशची किंवा रबराची वेगळी स्मोक सील लागते. रंगाऱ्याने तिच्यावर ऑइल पेंट फिरवला की ती कडक होते आणि उपयोग संपतो.

फट बाजूंना आणि वर 3 मि.मी.च्या आसपास हवी. 3 मि.मी. प्लायचा तुकडा फिरवून पाहा: सैल हलला तर फट जास्त, शिरलाच नाही तर दार घासत असणार. कोकणपट्टीत लाकडी दारांचा घोळ पावसाळ्यात होतो. दार फुगून अडकतं, सुतार कडेवर रंधा मारतो, आणि हिवाळ्यात लाकूड सुकलं की 6-7 मि.मी.ची फट उरते. एवढी फट भरणं पट्टीला जमेलच असं नाही. त्यामुळे आधी बिजागऱ्यांचे स्क्रू तपासा. पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, लोंबलेलं असतं.

क्लोजरची तपासणी सोपी. दार पूर्ण उघडून सोडा, मग फक्त वीतभर उघडून सोडा. दोन्ही वेळा खटका आपोआप बसला पाहिजे. वीतभराला अडलं तर क्लोजरवरचा शेवटच्या टप्प्याचा (दार खटक्यात बसतानाचा वेग ठरवणारा) स्क्रू थोडा सैल करा. क्लोजरच्या अंगावर तेलाचे ओघळ दिसले तर मात्र स्क्रूशी खेळू नका, क्लोजर बदला. चौकटीवरून ब्रॉडबँडची वायर न्यायला पाडलेली भोकंही बघा, ती हमखास सापडतात.

महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक एजन्सीचा ‘बी’ फॉर्म (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दर जानेवारी-जुलैत द्यावा लागतो. पण सहा महिन्यांत क्लोजर कधीही गळू शकतो. सोसायटीने महिन्यातून एक फेरी मारावी.

आणि दार उघडं राहावं म्हणून लावलेली वीट. ती लावणाऱ्यांना दोष देऊन ती हटत नाही. सामान नेताना जड दार खरंच त्रास देतं. दिवसभर उघडं लागणाऱ्या दारावर फायर अलार्मला जोडलेला विद्युतचुंबक बसवा. अलार्म वाजला किंवा वीज गेली की चुंबक सोडतो आणि क्लोजर दार लावतो.