इंडियन ओशन डायपोल

हिंदी महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यात पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या पाण्याचे पृष्ठभागीय तापमान काही वर्षी एकमेकांच्या उलट बदलते. आफ्रिकेकडचे पाणी सरासरीपेक्षा उबदार आणि सुमात्रा-जावाकडचे थंड झाले, की त्या स्थितीला धन द्विध्रुव म्हणतात. याच्या उलट घडले तर तो ऋण द्विध्रुव. पावसाच्या बातम्यांत ‘आयओडी’ म्हणजे ‘इंडियन ओशन डायपोल’ म्हणून येतो तो हाच द्विध्रुव.

एन. एच. साजी, बी. एन. गोस्वामी, पी. एन. विनयचंद्रन आणि तोशिओ यामागाता यांनी १९९९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात या घटनेला स्वतंत्र स्थान दिले. यांपैकी गोस्वामी पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याआधी हिंदी महासागर बहुतांशी प्रशांत महासागरामागे फरफटत जातो, असे मानले जाई. एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पाण्याचे अधूनमधून होणारे तापणे, तिकडे घडणार आणि इकडे फक्त त्याचे पडसाद उमटणार, अशी समजूत होती. हा महासागर स्वतःच्या बळावरही हेलकावे खातो, हे या शोधनिबंधाने पुढे आणले.

एरवी वसंत आणि शरद ऋतूंत विषुववृत्तावर पश्चिमेकडून वारे वाहतात आणि वरचे उबदार पाणी पूर्वेला ढकलतात. त्यामुळे सुमात्राजवळ उबदार पाण्याचा जाड थर साचतो आणि त्यावर ढग उभे राहतात. धन द्विध्रुवाच्या वर्षी मे-जूनपासून सुमात्रा-जावाच्या किनाऱ्यालगत आग्नेयेकडून येणारे वारे जोर धरतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी वर येते. थंड पाण्यावर ढग कमी बनतात. पूर्वेकडचे ढग विरले की विषुववृत्तावर पूर्वेकडून वारे वाहू लागतात, उबदार पाणी आफ्रिकेकडे लोटले जाते आणि पूर्वेकडचा उबदार थर आणखी पातळ होतो. असे हे चक्र स्वतःलाच बळ देत सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये शिगेला पोहोचते. डिसेंबरच्या सुमारास मोसमी वाऱ्यांची दिशा पालटते आणि खेळ आटोपतो.

मोजणी सोपी आहे. पश्चिमेला ५० ते ७० अंश पूर्व रेखांश आणि १० अंश दक्षिण ते १० अंश उत्तर अक्षांश असा एक चौकोन घेतात. पूर्वेला ९० ते ११० अंश रेखांश आणि १० अंश दक्षिण अक्षांश ते विषुववृत्त असा दुसरा. प्रत्येक चौकोनातील तापमान सरासरीपेक्षा किती वर-खाली आहे ते काढायचे आणि पश्चिमेच्या आकड्यातून पूर्वेचा वजा करायचा. हा निर्देशांक टिकून ०.४ अंश सेल्सिअसच्या वर गेला की ऑस्ट्रेलियाचा हवामान विभाग धन, आणि उणे ०.४च्या खाली गेला की ऋण द्विध्रुव मानतो. अर्ध्या अंशाहूनही कमी फरकाला इतके महत्त्व कशाला, असे वाटेल. पण या समुद्राचे तापमान मुळातच २८ अंशांच्या आसपास असते आणि उंच पावसाळी ढग उभे राहायला लागणारा उंबरठाही साधारण तोच. त्यामुळे थोड्याशा फरकाने ढगांचा सगळा जथा हजारो किलोमीटर सरकतो.

एल निनो भारतीय मोसमी पावसाला सहसा मारक आणि धन द्विध्रुव पोषक मानला जातो, पण हे नाते बातम्यांतून वाटते तितके सरळ नाही. १९९७ साली विसाव्या शतकातल्या सर्वांत बलवान एल निनोंपैकी एक असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्याचे बरेचसे श्रेय त्या वर्षीच्या धन द्विध्रुवाला दिले जाते. २०१९मध्ये निर्देशांक ऑक्टोबरात २ अंशांच्याही वर गेला. त्या वर्षी जून देशभर ३३ टक्के तुटीचा होता, पण हंगाम सरासरीच्या ११० टक्क्यांवर संपला. ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली. मॉन्सून परतायला ९ ऑक्टोबर उजाडला, अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि ‘महा’ ही चक्रीवादळे एकाच वेळी घोंघावत होती आणि काढणीला आलेले सोयाबीन शिवारातच भिजून गेले. तेव्हा धन द्विध्रुव म्हणजे शेतकऱ्याचा फायदाच, हे समीकरण मांडताना २०१९ विसरता येत नाही.

उलट बाजूही आहे. १९७२ हे धन द्विध्रुवाचे वर्ष होते, आणि महाराष्ट्राच्या आठवणीतला सर्वांत भीषण दुष्काळही त्याच वर्षीचा. एल निनो त्या वेळी वरचढ ठरला. २०२३मध्ये द्विध्रुव धन झाला खरा, पण उशिरा. तोवर त्या वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ठरला होता आणि पुढे राज्य सरकारला ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. १९६१ साली मात्र धन द्विध्रुव आणि विक्रमी मॉन्सून एकत्र आले. पानशेत फुटले ते याच वर्षी. पण त्याचे खापर समुद्रावर फोडणे चूक आहे. धरण अपुऱ्या अवस्थेत भरले, हे कारण वेगळे आणि जास्त महत्त्वाचे.

हिंदी महासागराच्या इतर काठांवर परिणाम अधिक ठळक दिसतो. धन वर्षी पूर्व आफ्रिकेत ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस धो धो कोसळतो. १९६१नंतर व्हिक्टोरिया सरोवराची पातळी २ मीटरहून अधिक चढली. २०१९मध्ये केनिया-सोमालियात पूर आले, आणि ओलाव्यावर टोळांची पैदास फोफावली. पलीकडे इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलिया कोरडे पडतात. १९९७मध्ये सुमात्राच्या मेंतावाई बेटांजवळची प्रवाळे मोठ्या प्रमाणात मेली. वर आलेल्या थंड, पोषक पाण्यात जंगलांच्या वणव्यांची लोहयुक्त राख मिसळली, त्यातून शैवालाचा भडका उडाला आणि प्रवाळे गुदमरली, असे संशोधकांनी दाखवले आहे.

या निर्देशांकाची एक मर्यादा फारशी सांगितली जात नाही. तो फक्त फरक मोजतो. दोन्ही चौकोन सारखेच तापले तर आकडा शून्यच राहतो. पश्चिम हिंदी महासागर १९०१ ते २०१२ दरम्यान जून ते सप्टेंबरच्या काळात सुमारे १.२ अंशांनी तापल्याचे पुण्याच्या संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे. ही वाढ द्विध्रुवाच्या आकड्यात पूर्णपणे उमटत नाही. म्हणून ‘आयओडी तटस्थ’ असे वाचून समुद्र नेहमीसारखा आहे, असे समजू नये.

तापमानाच्या नोंदी उपग्रह, पाण्यासोबत वाहत मोजणी करणारे ‘आर्गो’ तरंडे आणि महासागरात नांगरलेले ‘रामा’ जाळ्यातील बोये यांतून मिळतात. तरीही एप्रिलमधला द्विध्रुवाचा अंदाज कच्चाच असतो, कारण सुमात्राकडचे वारे तेव्हा बदलायचे असतात. चित्र स्पष्ट होईपर्यंत जुलै येतो आणि खरिपाची बियाणे बहुतेक ठिकाणी जमिनीत गेलेली असतात. पेरणीचा निर्णय या एका आकड्यावर सोपवण्यात त्यामुळे अर्थ नाही. परतीचा पाऊस, काढणीचे नियोजन आणि तमिळनाडूचा ईशान्य मॉन्सून यांच्यासाठी तो अधिक उपयोगी आहे.