गोगलगायींची ग्रीष्मनिष्क्रियता

कडक उन्हाळा व कोरडेपणा यांतून निभावण्यासाठी गोगलगायी हालचाल व आहार थांबवून शंखात बंद राहतात. या अवस्थेस ग्रीष्मनिष्क्रियता म्हणतात. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो. भुसावळचा उन्हाळा तर राज्यभर माहीत आहे. गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांतले डोह आणि गावोगावचे पाझर तलाव तेव्हा आटत जातात.

गोड्या पाण्यातील गोगलगायींपैकी पायला या प्रजातीत हे वर्तन ठळक दिसते. तिला पाण्यातील श्वसनासाठी क्लोम (कल्ला) आणि हवेतील श्वसनासाठी फुप्फुस-कोश अशी दोन्ही इंद्रिये असतात. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे ती वारंवार पृष्ठभागाशी येते आणि मानेलगतच्या त्वचेची नळी बाहेर काढून हवा घेते. पाणी आटू लागले की ती ओल्या गाळात शिरते. पाद (सरपटण्याचा मांसल पाय) आत ओढून शंखाच्या तोंडावरचे चुनखडीयुक्त झाकण, म्हणजे प्रच्छद, घट्ट लावून घेते. चयापचय मंदावतो, साठवलेले अन्न पुरवून वापरले जाते. काळी माती वरून भेगाळली तरी खोलवर तापमानाचा चढउतार कमी असतो. नुसत्या जाड शंखावर हा काळ काढता आला नसता. जीव वाचतो तो वेळीच खाली गेल्यामुळे. पावसाळ्यात पायला पुन्हा बाहेर येते व पाण्याकाठच्या ओलसर मातीत अंडी घालते.

समुद्रकिनाऱ्यावरील गोगलगायींपुढचा प्रश्न वेगळा आहे. भरती साधारण साडेबारा तासांनी परतत असल्याने किनाऱ्याच्या बऱ्याच भागात ऊन काही तासच सोसावे लागते. मात्र उष्ण प्रदेशात खडकाचे तापमान ५०° से.पलीकडेही जाते. नेरिटा प्रजातीच्या गोगलगायी खडकाच्या फटीत, सावलीत किंवा घोळक्याने राहतात. भरतीरेषेच्या वरच्या पट्ट्यातील लिटोरिना कुळातील गोगलगायी पाद आत घेऊन शंखाची कड वाळलेल्या श्लेष्माने (अंगातील चिकट स्रावाने) खडकाला चिकटवतात. तापलेल्या दगडाशी संपर्क जेमतेम कडेपुरता राहतो व अंगात कमी उष्णता शिरते. काही जाती शंख खडकापासून उचलून उभा धरतात, तर काही एकमेकींच्या पाठीवर चढतात. वरची त्यामुळे तप्त खडकापासून दूर राहते. लाटेचे पाणी लागले की त्या पुन्हा शैवल खरवडू लागतात.

जमिनीवरील गोगलगायींना प्रच्छद बहुधा नसतो. त्या श्लेष्माचा पातळ पडदा वाळवून तोंड बंद करतात आणि झाडाला, भिंतीला चिकटून राहतात.

खानदेशात उन्हाळ्यातच तलावांचा गाळ काढून शेतात टाकतात. जमिनीला तो उपयोगी असला, तरी त्यात दडलेल्या गोगलगायी पाण्यापासून दूर जाऊन पडू शकतात. तलावाच्या काठचा थोडा पट्टा न उकरता सोडणे हा त्यावर सोपा उपाय आहे.