क्रीडाक्षेत्रातील वांशिक साचेबद्ध समजुती

खेळाडूचे यश त्याच्या सरावावरून व डावपेचांवरून न जोखता त्याच्या वंशावरून जोखण्याची सवय. तिचा नेहमीचा साचा दुहेरी असतो : कृष्णवर्णीय खेळाडू जन्मजात वेगवान आणि दणकट, गोरा खेळाडू मेहनती आणि हुशार. पहिल्या भागात वरवर स्तुती दिसते. पण ताकद निसर्गाने दिली म्हटले, की घामाचे श्रेय जाते. आणि बुद्धी दुसऱ्याच्या वाट्याला लावली, की कर्णधारपद आणि प्रशिक्षकपदही जाते.

बर्लिन ऑलिंपिकमध्ये (१९३६) जेसी ओवेन्स यांनी ४ सुवर्णपदके जिंकली, त्या काळात कृष्णवर्णीयांच्या वेगाचे कारण त्यांच्या टाचेच्या व पोटरीच्या ठेवणीत शोधले जात होते. हॉवर्ड विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ मॉन्टेग्यू कॉब यांनी त्याच वर्षी ओवेन्स यांच्या पायाची मापे प्रसिद्ध केली. सांगितल्या जाणाऱ्या ‘वांशिक’ नमुन्यात ती बसत नव्हती. आज टाचेची जागा जनुकाने घेतली आहे. एसीटीएन३ या जनुकाचा वेगाला पूरक मानला जाणारा प्रकार केनिया आणि जमैका दोन्हीकडे बहुतेक सर्वांत आढळतो. तरीही केनिया लांब पल्ल्यात पुढे आणि जमैका १०० मीटरमध्ये. जमैकात शालेय मैदानी स्पर्धा १९१० पासून चालत आल्या आहेत. केनियाचे धावपटू इटेनसारख्या सुमारे २,४०० मीटर उंचीवरच्या गावांत गटाने सराव करतात. फरक समजून घ्यायचा तर या गोष्टी आधी पाहाव्या लागतात.

समजुतीचा परिणाम जागावाटपात उघड दिसतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चाली ठरवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या जागी दीर्घकाळ गोरेच खेळाडू असत. कृष्णवर्णीयांना धावण्याच्या व अडवण्याच्या जागा मिळत. क्वार्टरबॅक म्हणून सुरुवातीपासून खेळून सुपर बोल (या खेळाचा वार्षिक अंतिम सामना) जिंकणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू डग विल्यम्स. ते वर्ष १९८८. निवृत्तीनंतरही साचा सुटला नाही. मेंदूच्या इजेच्या भरपाईसाठी चाचणी घेताना कृष्णवर्णीयांची मूळ बौद्धिक पातळीच कमी धरली जाई, त्यामुळे झालेली हानी सिद्ध करणे त्यांना अवघड जाई. ही पद्धत थांबवण्याचे एनएफएलने (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) २०२१ मध्ये मान्य केले.

समालोचनात हेच शब्दांतून झिरपते. २०२० मध्ये रनरिपीट या संस्थेने युरोपातील ८० फुटबॉल सामन्यांच्या समालोचनातील २,०७३ विधाने तपासली. बुद्धीची स्तुती ६२.६ टक्के वेळा उजळ वर्णाच्या खेळाडूंची होती; ताकदीचा उल्लेख मात्र गडद वर्णाच्या खेळाडूंबाबत होण्याची शक्यता ६.५९ पट होती.

मराठवाड्याला या समजुतीचे उत्तर इतिहासातच मिळते. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली, नहरीने शहरात पाणी आणले, जमीनमहसुलाची घडी बसवली आणि गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणले. त्याची कबर खुलताबादला आहे.

दुसरे उत्तर ट्रॅकवरचे. राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुषांच्या ३,००० मीटर स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) तिन्ही पदके १९९८ ते २०१८ या काळात दर वेळी केनियाकडे गेली. बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये मांडव्याच्या (ता. आष्टी, जि. बीड) अविनाश साबळे यांनी ८:११.२० वेळेसह रौप्य मिळवले. सुवर्णविजेत्या केनियाच्या धावपटूपेक्षा ०.०५ सेकंद मागे. आता ‘दुष्काळी भागातला गडी, काटकच असणार’ असे कौतुक होते. हाही साचाच आहे. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. पाणउडीपूर्वी पाऊल जुळले नाही तर वेग तुटतो, घोळक्यात अडकले तर अडथळा दिसतच नाही. कोणत्या फेरीत कुठे राहायचे, हे डोक्याचेच काम.

भारतात वंशाची जागा बहुधा जात घेते. काही जातीजमातीच जन्मजात लढवय्या असतात, या ‘लढाऊ जमाती’च्या सिद्धांतापायी ब्रिटिशांनी महारांची सैन्यभरती १८९० च्या दशकात बंद केली, महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये. साबळे त्याच रेजिमेंटचे जवान. क्रिकेटमध्ये दलित फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, पण मुंबईतील धर्मनिहाय संघांच्या स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले.

शालेय निवड चाचणीत हा दोष टाळता येतो. आडनाव न पुकारता छातीवर क्रमांक लावावा. वेळ घेणारा आणि निवड करणारा वेगळा असावा. ३० मीटर धाव व उभ्याने लांब उडी यांना प्रत्येकी तीन संधी द्याव्यात. निर्णयक्षमता स्वतंत्र तपासावी : खो-खोत खो योग्य वेळी दिला का, बचाव करताना धावण्याची ठरावीक साखळी कधी मोडली, हे प्रत्येक मुलाचे नोंदवावे. कुणाला कायम पोलजवळ किंवा कायम चौकात बसवू नये. १४ वर्षांखालील मुलांच्या जागा सरावात आळीपाळीने बदलाव्यात. सर्वांत जास्त बिघडते ते तारखेत. ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की त्या घरांतली मुले चाचणीला नसतात, आणि नोंदवहीतल्या गैरहजेरीचा अर्थ ‘आवड नाही’ असा लावला जातो. बीड, धाराशिव भागात म्हणूनच चाचणी दसऱ्याच्या आत उरकावी, आणि टोळ्या परतल्यावर एक फेरचाचणी ठेवावी.